माझा लाव

केळीच्या मुळाशी पाणी साचलं होतं, आणि त्यात दोष कुणाचा हे उघडच होतं. कारखान्यात दिवसभर कॉलरी शिवून ती घरी यायची, आईचं अंग पुसायची, कूस बदलायची, चार घास भरवायची, आणि मग झोपेच्या गुंगीत कुंडीत तांब्याभर पाणी ओतायची. आदल्या दिवशीचं मुरलंय की नाही, ते बघायचं त्राण होतं कुणाला? केळ पिवळी पडली, मग तिने मान टाकली. पाय चालत होते तेव्हा आईनेच ती गॅलरीत लावली होती. आता खाटेवरून नुसती बघत राहायची.

रविवारी तिने रोप उपटून नर्सरीवाल्याकडे नेलं. त्याने ते हुंगलं.

"मुळं सडलीत, ताई. कंद अजून शाबूत आहे. सडकं सगळं कापा, कोळशाची पूड लावा, कोरड्या मातीत ठेवा. पाणी बेतानं. आणि जरा जीव लावा, म्हणजे लागेल."

गॅलरीत बसून तिने मुळं कापली. काळी, बुळबुळीत, ओढली की साल हातात यायची. शेवटी नारळाएवढा बोडका कंद उरला.

"म्हणे जीव लावा!" ती करवादली. "माझ्यात उरलाय कुठे लावायला?"

"माझा लाव," आतून आई म्हणाली.

दोघी हसल्या, कितीतरी दिवसांनी. तिनेही थट्टेथट्टेतच माती दाबत म्हटलं, "घे बाई, आईचा लावला."

थोड्याच दिवसांत कोवळी सुरळी वर आली. आईची भूक गेली. पान उलगडलं, तशी आईची बोटं गार पडली. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, वय झालं. वय असं एका आठवड्यात होत नाही, हे तिला कळत होतं. पण भांडायला अंगात जोर हवा ना. आईला कुशीवर वळवताना पूर्वी तिची स्वतःची कंबर भरून यायची. आता आई इतकी हलकी झाली होती की तिच्या एका हातानेही वळत होती. तेव्हा मात्र ती घाबरली. आईशिवाय तिचं होतं कोण!

त्या सकाळी आई हाकेला ओ देईना. हात लावून बघायचा तिला धीर होईना. तिने डॉक्टरांना फोन केला आणि ती तडक गॅलरीत जाऊन दोन्ही हातांनी केळ उपटायला लागली.

"माझी आई परत दे."

मुळं घट्ट होती.

"अगं, हळू! दुखतं."

आईचाच आवाज. तिचा जीव भांड्यात पडला. बोलली, आई बोलली! घाईघाईने माती दाबून ती आत धावली, तोवर डॉक्टर आलेच.

त्यांनी मनगट धरलं, पापणी उचलली.

"रात्रीच गेल्यात. अंग ताठलंय."

"आत्ता बोलली हो ती!"

डॉक्टरांनी तिच्या मातीने भरलेल्या हातांकडे पाहिलं आणि तिला खुर्चीवर बसवलं. "तुम्ही फार दमलायत."

"माती फार घट्ट दाबलीस गं," गॅलरीतून आवाज आला.

डॉक्टरांनीही मान वळवली.