डेअरीतला नऊ नंबर

"क्रांते, किल्ला सोड! आधी हे ऐक!"

सम्राटनं सायकल तालमीच्या भिंतीला टेकवलीसुद्धा नाही, नुसती सोडून दिली. ती धाडकन आडवी झाली. दिवाळीच्या किल्ल्याचा बुरूज लिंपत बसलेली क्रांती चिखलाच्या हातांनीच उठली.

"काय झालं रं?"

"उद्या धा वाजता भंगारवाला येतोय! वरच्या खोलीतले आठच्या आठ कॉम्प्युटर न्यायला! उदयसिंहकाका फोनवर सांगत हुते, मी ह्या कानांनी ऐकलं!"

कोल्हापुरात कसबा बावड्यातल्या या तालमीत खाली लाल मातीचा आखाडा होता आणि वर पोरांसाठी संगणकांची खोली. क्रांती आठवीत होती. तिच्या घरी संगणक नव्हता. इथल्या चार नंबरवर सहा महिने खपून ती कुस्तीचा गेम बनवत होती. तिचा पैलवान आता कुठं धोबीपछाड मारायला शिकला होता, आणि तो जाणार भंगारात?

क्रांती, तिचा चुलतभाऊ सम्राट आणि त्याची धाकटी बहीण मोना, तिघांनी काकांना गाठलं. काका तालमीचेही सेक्रेटरी आणि दूध डेअरीचेही. दोन्हीकडं धावता धावता त्यांचा चहा कायम गार व्हायचा.

"अगं, ती यंत्रं म्हातारी झाली," काका म्हणाले. "राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानाचा राजवर्धन बघून गेला. जुन्या विंडोजची मुदत संपली आणि नवी ह्यांच्यात बसत न्हाय. नवीच यंत्रं घ्यायची. उद्या तो दाखवायला आणतोय एक."

"मग नवी कधी येणार?"

"मंडळाची मीटिंग झाली की लगेच!"

झालं! मंडळाची मीटिंग कशी होते ते अख्ख्या बावड्याला ठाऊक होतं. गणपतीच्या आधीची अजून व्हायची होती.

संध्याकाळी तिघं दुधाची किटली घेऊन डेअरीत गेली. रांग पुढं सरकत होती, दूध मापलं जात होतं, स्लिपा निघत होत्या. एवढ्यात लाईट गेली! अंधारात कुणीतरी ओरडलं, "आता बसा बोंबलत!"

दोन मिनिटांत लाईट आली. डेअरीचा संगणक सुरू झाला, पडद्यावर एक गोलमटोल पक्षी चमकून गेला, आणि मिनिटाच्या आत स्लिप बाहेर! आपला चार नंबर सुरू व्हायला क्रांतीचा एक अख्खा वडापाव खाऊन व्हायचा.

"बदक हुतं ते!" सम्राट म्हणाला.

"पेंग्विन," मोना म्हणाली. मोना दहा वर्षांची. बोलायची कमी, बघायची जास्त. "आणि ते स्टिकर बघ."

क्रांतीनं वाकून पाहिलं. संगणकाच्या डब्यावर पिवळं स्टिकर होतं, 'माजी पैलवानांकडून सप्रेम भेट', आणि खाली आकडा: नऊ.

"आयला!" क्रांतीचे डोळे विस्फारले. "तालमीतल्या आठांवर हेच स्टिकर हाय! एकाच दिवशी आलेली नऊ भावंडं. मग आठ मरायला टेकली आणि हा नववा एवढा टणटणीत कसा?"

स्लिप देणाऱ्या माणसानं खांदे उडवले. "दोन वर्सांमागं अडकला हुता. शिवलीलानं कायतरी केलं. तवापास्नं एकदाबी कुरकुरला न्हाय. काकांना म्हायती न्हाय. ते म्हनले, कसं केलं ते सांगू नगं, दूध थांबाय नको!"

शिवलीलाताई म्हणजे क्रांतीच्या गल्लीतलीच. कागलच्या एमआयडीसीत मोठमोठ्या मशिनी चालवणाऱ्या संगणकांची देखभाल करायची. ती बसमधून उतरते न उतरते तोच तिघांनी तिला घेरलं.

"सापडलं व्हय तुम्हाला!" ती हसली. "संगणकाला चालवायला एक मूळ प्रणाली लागते. विंडोज ही कंपनीची. चांगली हाय, पण तिचे डाव कंपनीच्या पेटीत बंद. नऊ नंबरवर ते पेंग्विनवालं लिनक्स हाय, त्याचे डाव उघडे. कुणीही फुकटात घ्यावं, बघावं, शिकावं, भर घालावी. तालमीत आण्णा वस्ताद डाव लपवतात का?"

"कधीच न्हाय!"

"तसंच. म्हणून कुणीतरी जुन्या यंत्रांसाठी हलकं लिनक्सही बनवलंय. ह्या पेन ड्राइव्हवर हाय. आतल्या फायलींना धक्का न लावता चालवून बघता येतं."

"म्हणजे माझा गेम..."

"हाय तिथंच राहील, आणि लिनक्सवरही चालंल."

क्रांतीला वाटलं, आत्ताच्या आत्ता उडी मारावी. आणि तिनं मारलीच!

सकाळी आखाड्यात गर्दी जमली. राजवर्धननं टेबलावर नवाकोरा संगणक मांडला, शेजारी जुना चार नंबर. दोन्हींची बटणं दाबली. नवा डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तयार! चार नंबर आपला घरघरत राहिला.

"बघितलंत काका? दूध का दूध, पानी का पानी!"

क्रांती पुढं झाली. ती म्हाताऱ्या वस्तादांकडं वळली.

"आण्णा, पंचविशीतला गडी आणि साठीतला म्हातारा, अशी कुस्ती तुम्ही लावता?"

"छ्या! जोड बरोबरीची पायजे."

"मग ही कसली कुस्ती? तीन आणि चार नंबर लावा. दोन्ही एका वयाचे, एका वजनाचे. तीनवर जुनी विंडोज, चारवर आमचं लिनक्स!"

"खरं हाय की पोरीचं!" आण्णांनी मांडीवर शड्डूच ठोकला. "लावा जोड!"

तीन नंबर खाली आणला. शिवलीलाताईनं चारला पेन ड्राइव्ह जोडला. आण्णांनी हात खाली केला, बटणं दाबली गेली. तीन नंबर घरघरू लागला. चारवर पेंग्विन चमकला, आणि मिनिटभरात पडदा तयार! पोरांनी आरोळ्या ठोकल्या.

राजवर्धन मात्र खिलाडू निघाला. "हरलो! पण काही सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालतात, ताई."

"व्हय की. म्हणून आमच्या कंपनीत दोन्ही हाईत. पण पोरांना शिकायला हे पुष्कळ झालं."

काकांच्या कपाळावरची आठी काही जाईना. "पण हे फुकटातलं टिकणार किती दिवस?"

"दोन वर्षं टिकलंय, काका," मोना शांतपणे म्हणाली. "तुमच्याच डेअरीत. नऊ नंबर."

काकाच सगळ्यांच्या आधी खदखदून हसले. "घरात गंगा आणि मी हिंडतोय दारोदार! शाब्बास पोरांनो! शिवलीला, आठही यंत्रं तुझ्या हवाली."

एवढ्यात भंगारवाला दारात. "पावणं, मग मी मोकळाच जाऊ?"

आण्णांनी भिंतीशी आजही आडव्या पडलेल्या सम्राटच्या सायकलीकडं बोट केलं. सम्राट बोंबलत तिच्यावर जाऊन पडला!

क्रांतीनं गेम उघडला. सगळा जागच्या जागी होता. आण्णा खुर्ची ओढून बसले आणि जाडजूड बोटानं तिनं दाखवलेलं बटण दाबलं. पडद्यावरच्या पैलवानानं झकास धोबीपछाड मारली.

"ह्याला हा डाव कुणी शिकवला?"

"मी."

आण्णांनी मूठभर लाल माती उचलून तिच्या कपाळाला लावली. "मग आजपास्नं वरच्या खोलीची वस्ताद तू."

क्रांतीनं ती माती रात्रीपर्यंत पुसली नाही.