चाक फिरवणारा बाइंडर

“ओढू नकोस गं… नुसता ताण धर. सुटायच्या वेळी तो आपणहून सुटेल.”

बाबांचा तो आवाज मी दोन्ही कानांनी ऐकलेला. इंजिनातल्या, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटच्या फटीत अडकलेला पातळ कागद, त्याचं टोक माझ्या चिमटीत. पुढच्याच वर्षी तापानं माझा डावा कान नेला. आता बाबा नाहीत, गॅरेज माझं आहे, आणि गिऱ्हाईक येतं ते ‘कानानं इंजिन ओळखणाऱ्या मिस्त्रीची मुलगी’ म्हणून. डाव्या कानाचं मी कुणाला सांगितलेलं नाही. ठिणगीचं टायमिंग मी बोटांनी लावते, आणि गावात कुणी लावणार नाही असं लावते.

तो आला लंगडत. त्याच्या मामाची दोन सिलिंडरची जुनी मोटरसायकल ढकलत.

“किक उलटी बसली,” म्हणाला. “नडगीवर.”

“ठिणगी लवकर पडतेय. पिस्टन वर पोचायच्या आधीच.”

“घाईची दिसते.”

“ती नाही, तुम्ही. कव्हर उघडून स्क्रू कुणी पिळले?”

तो हसला, चष्मा नाकावर वर सरकवला… गुन्हा कबूल. नखांत वाळलेली खळ. पुस्तकं बांधायचा तो. माझा कागद बघून त्यानं नाक मुरडलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या दुकानातला घेऊन आला — कांद्याच्या पापुद्र्यासारखा.

“हा घ्या. तुमचा म्हणजे गोणपाट.”

“बाइंडरसाहेब, चाक धरा,” मी म्हटलं.

हे काम दोघांचं. प्लग काढायचे, गाडी टॉपच्या गिअरला टाकायची. एकानं मागचं चाक हळूहळू फिरवायचं, दुसऱ्यानं कागद धरून बसायचं. कागद सैल झाला की ठिणगीची वेळ. ती इंजिनावरच्या खुणेवर नेमकी यायला हवी. मी पॉइंटसमोर उकिडवी. तो चाकापाशी, माझ्या डावीकडे. आणि उजवीकडे भिंतीपलीकडच्या लेथची दिवसभर घरघर.

“अजून थोडं…” मी म्हणत होते. “अजून… थांबा.”

कागद अलगद सुटला. खूण जुळली. मान वळवून बघते तर तो कानापर्यंत लाल झालेला. उकडत असेल, म्हटलं.

दुसऱ्या सिलिंडरचा नवा पॉइंट मागवला, तो यायला एक दिवस गेला. पुन्हा तसंच बसलो. पुन्हा खूण जुळली, आणि पुन्हा तो माझ्याकडे असा बघत होता, जणू काहीतरी माझ्याच हातात अडकलंय.

“छान फिरवता चाक,” मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. नडगी दुखत असेल… असंच वाटलं मला, काय सांगू.

आज एका किकेत गाडी जागी झाली. दोन्ही सायलेन्सरच्या तोंडाशी मी तळहात धरले — ठोका सारखा, जात्यावर एका लयीत बसलेल्या दोघी जावांसारखा. मी खुशीत गाडी बंद केली. पलीकडे लेथही जेवायला थांबलेला. तो समोर येऊन उभा राहिला.

“झाली गाडी. आता यायला कारण नाही उरलं.”

“ऑइल बदलायला या की.”

“नको. दोनदा विचारलं तुम्हाला. पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, ‘अजून थोडं.’ म्हटलं, घाई नको करायला. काल म्हणालात, ‘छान फिरवता चाक.’ तेवढं कळतं मला.”

“काय विचारलंत?”

“राहू दे आता.”

हेल्मेट चढवलं, स्टँड काढला. मी आधी पान्हे पुसत राहिले. सांगितलं तर उद्या बाजारभर होईल, बहिरी पोरगी इंजिन काय जुळवणार. गॅरेजला टाळं लागेल. नाही सांगितलं तर हा माणूस समोरच्या वळणावरून निघून जाईल, आणि आयुष्यभर समजत राहील की मी ऐकलं आणि थट्टेवारी नेलं.

त्यानं किकेवर पाय ठेवला. मी पुढे होऊन हँडल धरलं.

“मला डाव्या कानानं ऐकू येत नाही,” मी म्हटलं. “चौदा वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाही, तुला सांगतेय. हेल्मेट काढ… उजवीकडे ये… आणि पुन्हा विचार.”