हौदातले बेडूक

कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मी अठ्ठावीस वर्षं परिचर आहे. काचा धुणं, बरण्यांतलं फॉर्मेलिन बदलणं आणि प्रॅक्टिकलसाठी बेडूक पुरवणं ही माझी कामं. पावसाळ्यात छत्रीबागेत आमच्या घरामागच्या डबक्यातून बेडूकमासे काढतो. थोडे कॉलेजच्या बरण्यांत सोडतो, थोडे अंगणातल्या हौदात. पाणी दोन्हीकडे आमच्याच विहिरीचं.

एकसष्ट-बासष्टपासून खान नदीला रंग यायला लागला. कधी जांभळा, कधी हिरवा. वरच्या अंगाला कुणीतरी कापडाची रंगाई सुरू केली होती. आमची विहीर नदीपासून पन्नास पावलांवर. पाणी दिसायला साफ होतं.

त्याच सुमाराला बरण्यांतल्या बेडूकमाशांना पाय फुटेनासे झाले. अंगठ्याएवढे फुगायचे, पण शेपूट जायची नाही. दिवाळी आली तरी तसेच.

आमचे शरच्चंद्र सर म्हणाले, "पाण्यात काहीतरी आहे, लक्ष्मीकांत. गळ्यातल्या थायरॉइडच्या ग्रंथीचं काम अडलं की याचा बेडूक होत नाही. नदीतले मासे बघ, गळे सुजलेत."

"सर, घरीपण एक गळा सुजलाय," मी म्हटलं.

शशिकला, माझी बायको. काळी पोत गळ्याला काचते म्हणून सराफ्यात जाऊन दोनदा वाढवून आणली होती. चैत्रात स्वेटर घालायची. आवाज जाड झाला होता. बोलता बोलता थांबायची, पुढचा शब्द यायला वेळ लागायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. रोज सकाळी एक.

पुढे झालं ते माझ्या बोलण्यामुळे. मी कौतुकानं सांगायला गेलो, "सर म्हणत होते, या गोळ्या मेंढीच्या गळ्यातल्या ग्रंथीच्या करतात. वाळवून, कुटून."

ती पोळी वाढत होती. आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा बंद.

"म्हणजे मटणच की हो."

"औषध आहे ते. मटण कसलं?"

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन अंगणात जायला लागली. मी आतून विचारायचो, "गोळी घेतली?"

"गेली," ती म्हणायची.

ती खोटं बोलत नसे. त्या शब्दात मला काही वावगं वाटलं नाही.

पौषात ती वारली. "गोळ्या चालू असताना असं व्हायला नको होतं," डॉक्टर म्हणाले. नवी बाटली आणून चारच दिवस झाले होते, सीलसुद्धा तोडलं नव्हतं. ती तिच्या लुगड्यांबरोबर ट्रंकेत ठेवली, कुलूप लावलं, किल्ली जानव्याला बांधली. टाकून द्यायचं धैर्य झालं नाही.

पुन्हा पावसाळा आला. मी नेहमीप्रमाणे बेडूकमासे आणले. करायला दुसरं काय होतं? महिनाभरात शेजारच्या द्वारकाबाई भिंतीवरून ओरडल्या, "भावजी, तुमचे मेंढक माझ्या चुलीपर्यंत आले हो! आवरा त्यांना."

सरांना सांगितलं तर ते हसले. "कमाल आहे यार! माझ्या बरणीत एकाला पाय नाही, आणि तुझ्या हौदात सगळे बेडूक? गेल्या वर्षीही तू हेच म्हणाला होतास. घालतोस काय?"

"काही नाही, सर."

"थायरॉइडची गोळी पाण्यात टाकली तर असं होतं. आठवड्यात पाय फुटतात."

माझ्या हातात काच होती. ती ठेवली, नळ बंद केला आणि रजा न सांगता घरी आलो.

गेली, म्हणायची. कुठे गेली ते मी कधी विचारलं नाही.

पण ते गेल्या वर्षीचं झालं. यंदा कोण?

किल्ली जानव्यालाच होती. कुलूप तसंच होतं, लुगड्यांची घडीही मोडली नव्हती. बाटलीचं सील तुटलेलं होतं. आत नुसता कापूस.

मी हौद उपसला, घासला, पुन्हा भरला. त्यात काहीही सोडलं नाही. कुणाला सांगितलंही नाही.

भाद्रपदात, उकाडा असताना, मला थंडी वाजायला लागली. शर्टाचं वरचं बटण लागेना. सरांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि हात धरून डॉक्टरांकडे नेलं. त्याच गोळ्या. घरी सोडताना सरांनी द्वारकाबाईंना बजावलं, रोज सकाळी आठवण करा.

मी ठरवलं, आपण खायची. मेंढी असो, काही असो. तिच्यासारखं करायचं नाही.

पहिल्या सकाळी गोळी बशीत काढून ओसरीवर ठेवली. पाण्याचा पेला आणायला आत गेलो. तेवढ्यात भिंतीवरून द्वारकाबाईंचा आवाज आला, "भावजी, गोळी घेतली का?"

मी पेला घेऊन बाहेर आलो.

बशी रिकामी होती. वारा नव्हता. हौदाच्या मधोमध एक गोल तरंग उठला होता आणि सावकाश काठाकडे सरकत होता.

"अहो, घेतली का म्हटलं?"

"गेली," मी म्हणालो.