सुळक्याखालची शेवटची डबी

दादाशी बोलता यावं, एवढ्यासाठी तिघं जण डोंगर चढायला निघाले होते.

दादा गुरांचा डॉक्टर. त्याची नेमणूक डोंगरापलीकडच्या खोऱ्यात आणि बायको, बहीण, घरदार सगळं अलीकडच्या गावात. मध्ये डोंगराची लांबच लांब धार, आणि तिच्या टोकाला आभाळात घुसलेला सुळका. धारेवर मोबाइलचा टॉवर होता तोवर कुणाला काही वाटलं नाही. गेल्या थंडीत दरड कोसळली, तिच्याबरोबर टॉवरही दरीत गेला. एवढ्याशा वस्तीसाठी नवा टॉवर उभारायची बोलणी गुळमुळीत होत होत विरून गेली. तेव्हापासून पलीकडची बातमी यायची ती खेचरवाल्यांच्या तोंडून, आणि तीही शिळी होऊन. दादा तापाने फणफणलाय हे वहिनीला कळलं, तोवर तो बरा होऊन कामालाही लागला होता. वहिनी बेकरीत कामाला होती. त्या दिवशी तिच्या हातचा पाव पहिल्यांदाच करपला.

ते बघून दादाची धाकटी बहीण कामाला लागली. तिला सगळे ठिणगी म्हणत, अर्धं तिच्या हातातल्या सोल्डरिंगच्या बंदुकीमुळे आणि अर्धं तिच्या स्वभावामुळे. बाजाराच्या गल्लीत, एका जिन्याखाली तिचं दुरुस्तीचं दुकान. पोटं उघडी टाकलेले रेडिओ, काचा तडकलेले फोन, आणि ताठ उभं राहिलं की डोक्याला लागणारा जिना. तिथेच वाकून बसून तिने डब्या तयार केल्या. प्रत्येक डबी तळहाताएवढी. आत रेडिओचा चिमुकला संच, वर बोटभर अँटेना, झाकणावर उन्हावर चालणारी चकती. टॉवर नको, वायफाय नको, सिमकार्ड नको. फोनवर चार ओळी लिहायच्या, जवळची डबी त्या हवेत सोडणार, पुढच्या टेकडीवरची डबी त्या ऐकून आणखी पुढे ढकलणार. अट एकच होती: दोन डब्यांच्या मध्ये डोंगर आडवा येता कामा नये.

एक डबी खेचरवाल्यांबरोबर दादाकडे आधीच गेली होती, कधी निघणार त्या चिठ्ठीसकट. आता मधली साखळी बांधायची होती.

"सुळक्याच्या माथ्यावरून दोन्ही गावं दिसतात," मोजणीकाका म्हणाले. काकांचा उभा जन्म जमिनी मोजण्यात गेला होता. निवृत्त झाल्यावर ते गल्लीत दुकानासमोर बसून लोकांचे जिने किती वाकडे आहेत ते सांगत. "तरुणपणी मी चढलोय तिथे. येतो मी बरोबर."

"काका, तुमचं वय काय," ठिणगी म्हणाली.

"सुळक्यापेक्षा बरंच कमी," काका म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी बूट घालून हजर झाले.

पहिली डबी ठिणगी, वहिनी आणि काकांनी गावच्या पाण्याच्या टाकीवर बसवली, दुसरी रानाच्या तोंडाशी एका उंच झाडावर. गावातली डबी बेकरीच्या मालकीणबाईंच्या ताब्यात होती. ठिणगीने झाडावरूनच लिहिलं, "ऐकू येतंय का?" थोड्या वेळाने उत्तर आलं, "येतंय. पाव संपले. तुम्ही जेवलात का?"

मग रान सुरू झालं. झाडं इतकी उंच आणि दाट, की ऊन वरच्या वरच अडकून राहायचं आणि खाली नुसता हिरवट उजेड झिरपायचा. पायाखाली पानांचा थर गादीसारखा दबत होता, चालण्याचा आवाजही होत नव्हता. तिघं बोलायचे थांबले. भांडण झालं नव्हतं की दम लागला नव्हता. तिथे बोलावंसंच वाटेना. ठिणगीला वाटलं, आपण पाण्याच्या तळाशी चालतोय आणि फार वर कुठेतरी कुणाची तरी नाव संथ जातेय.

रान संपलं तिथे ओढा आडवा आला. वरचं बर्फ वितळून तो काठोकाठ फुगलेला. पलीकडे जायला एक आडवा पडलेला ओंडका, शेवाळाने गुळगुळीत झालेला. काका बसून, सरकत सरकत गेले. वहिनी डब्यांची पिशवी पाठीला घट्ट आवळून सरळ चालत गेली. ठिणगीने निम्मं अंतर काटलं आणि तिचा पाय सटकला!

कमरेपर्यंत गार पाणी. हात ओंडक्यावर. बोटं सुटू लागली. एक सुटलं. दुसरं सुटलं. तेवढ्यात मानेजवळ कुणीतरी कॉलर धरली आणि पिठाचं पोतं उचलावं तसं तिला वर खेचलं.

"रोज मण मण कणीक मळते मी," वहिनी तिला काठावर ठेवत म्हणाली. "तू काय वजनाने त्याहून जास्त आहेस?"

तिसरी डबी ओढ्यापलीकडच्या कातळावर लागली, आणि संध्याकाळी धारेच्या पोटाशी पोचून चौथी. तिथेच त्यांनी तंबू ठोकला. खाली सगळं खोरं ढगांनी भरून गेलं होतं. मावळतीचा रंग त्या ढगांवरून हळूहळू सरकत होता, आणि त्यातून मध्येच एखादी टेकडी डोकं वर काढून पुन्हा बुडत होती. चहाचे पेले हातात धरून तिघं बसून राहिले. वहिनीने फोन मांडीवर ठेवला होता. कुणाचाच निरोप यायचा नव्हता, तरी ती अधूनमधून त्याच्याकडे बघत होती.

"भेटला की काय बोलशील पहिल्यांदा?" ठिणगीने विचारलं.

"भेटणार कुठे? अक्षरंच येणार," वहिनी म्हणाली. मग चहाचा घोट घेऊन म्हणाली, "ठरवलं नाही अजून. आधी तुझा तो सुळका तर येऊ दे."

सकाळी धार चढताना सुळका एकदम समोर आला. राखाडी, ओलसर, टोकाशी ढगाची पट्टी. ठिणगी आणि वहिनीच्या खिशात फोनसाठी एकेक डबी होती; लावायच्या डब्यांपैकी पिशवीत आता एकच उरली होती. वाट म्हणजे एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला भुसभुशीत दगडांचा उतार. काका पुढे होते. "इथे दगड नीट—" एवढंच ते म्हणाले, आणि त्यांच्या पायाखालचा उतारच चालू लागला. दगड घरंगळले, त्यांच्यामागून काका. धूळ! खडखडाट! मग शांतता.

उताराच्या खाली, एका कपारीच्या तोंडाशी ते अडकले होते. शुद्धीवर होते, पण उजवा पाय गुडघ्याखाली वाकडा झाला होता. दोघींनी त्यांना उचलून कपारीत आणलं. ही कपार सुळक्याच्या खांद्यावरच होती. वर सुळका, खाली उतरत गेलेली धार.

ठिणगीने लगेच निरोप पाठवला: "काका पडले. पाय मोडला. माणसं आणि डोली पाठवा." चार डब्यांवरून उड्या मारत तो खाली गेला. मालकीणबाईंचं उत्तर आलं, "माणसं निघाली. उद्या पोचतील. धीर धरा." टॉवर पडल्यापासून डोंगरावरून गावात गेलेली ही पहिली हाक होती, आणि ती गेली होती. पण ठिणगीच्या ते ध्यानातही आलं नाही. ती सुळक्याकडे बघत होती.

"माथा समोर आहे, वहिनी. मी पटकन जाऊन येते."

"एकटी?"

"डबी लावते आणि आले. नाहीतर इतकं सगळं केलं ते कशासाठी?"

वहिनी काकांच्या पायाला काठी बांधत होती. तिने मान वर केली नाही. "जा," ती म्हणाली. "पण मी बोलावलं की यायचं. तिथे वाद घालायचा नाही."

ठिणगी चढू लागली. हाताला कातळ गार लागत होता. ढगाची पट्टी खाली उतरली आणि ती तिच्यात शिरली. पांढरं. वर पांढरं, खाली पांढरं, आपलेच हात कोपरापाशी पुसट झालेले. वाऱ्याचा आवाजही राहिला नाही. तिला भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. झोपेत जिना चढावा तशी ती चढत राहिली. मग धुकं क्षणभर फाटलं आणि माथा दिसला. दोन माणसांच्या उंचीवर! मध्ये एकच अरुंद खाच. तिने खाचेत हात घातला. दगड हलला. दुसरा धरला. तोही हलला.

खिशातला फोन थरथरला.

"काका फार थरथरतायत. बोलायचे थांबलेत. मला एकटीला पुरत नाही. ये."

ठिणगीने माथ्याकडे पाहिलं. दोन माणसांची उंची. दगड हलत होते, पण चढता आलं असतं, कदाचित. तिचे डोळे भरून आले, रागाने की कशाने ते तिलाही कळलं नाही. तिने कपाळ कातळावर टेकवलं, एक श्वास घेतला आणि पाय खाली सोडला.

उतरताना वाट हरवली. धुक्यात सगळेच कातळ एकसारखे. तिने फोन काढला. वहिनीच्या डबीचा आवाज किती जोरात येतोय ते त्यावर आकड्यात दिसत होतं. ती त्या आकड्याच्या मागे चालली. आकडा वाढला. आणखी वाढला. आता अगदी जवळ! तिने पाय पुढे टाकला, आणि खाली काहीच नव्हतं.

ती मागे कोसळली. बसल्या जागी गोठली. एक खडा घरंगळत गेला, त्याचा पडल्याचा आवाज आला नाही. आकडा खरं बोलत होता. वहिनी सरळ रेषेत तिथेच होती, पण मध्ये कडा होता. रेडिओला वाट लागत नाही, माणसाला लागते.

तिने लिहिलं, "कड्यावर आहे. बसून राहते. भांडं वाजव."

खालून टण टण आवाज येऊ लागला. हलका, ओला, कुठल्या तरी दुसऱ्याच गावात वाजत असल्यासारखा. त्या आवाजाला डाव्या हाताला ठेवून ती बुडावर सरकत सरकत कड्याच्या काठाने उतरली. धुकं विरळ झालं तेव्हा वहिनी समोर उभी होती, एका हातात पातेलं, दुसऱ्यात चमचा.

दोघींनी काकांना मध्ये घेतलं. सगळ्या पांघरुणांची गुंडाळी केली, चहा पाजला, तळवे चोळले. काकांचे ओठ निळसर होते. हळूहळू रंग परत आला.

"लागली डबी?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"नाही, काका."

"बरं झालं," काका म्हणाले. "ती खाच माझ्या वेळीच हलत होती. सांगायला हवं होतं मी."

शेवटची डबी ठिणगीने कपारीबाहेरच्या दगडावर ठेवली, निव्वळ हातातून खाली ठेवायची म्हणून. इथून पलीकडचं गाव दिसणं शक्यच नव्हतं. मध्ये डोंगराची एक सोंड येत होती. ती मान गुडघ्यात घालून बसली.

फोन थरथरला. तिला वाटलं मालकीणबाई असतील. पडद्यावर मात्र नवीनच नाव उगवलं होतं. तिने डोळे पुसून पुन्हा वाचलं.

"कोणी आहे का? मी दादा. घरी बसवेना म्हणून डबी घेऊन सोंडेवरच्या कुरणात आलोय, गुराख्यांच्या झोपडीपाशी. कोणी आहे का?"

ठिणगीने फोन वहिनीच्या हातात दिला. वहिनीने वाचलं, कपारीच्या भिंतीला टेकली, आणि बोटांना लागलेली माती पदराने नीट पुसून लिहू लागली. बराच वेळ लिहीत, खोडत राहिली. शेवटी गेलं ते एवढंच: "आहोत. काकांचा पाय मोडलाय. काय करू?"

उत्तर पटकन आलं. "बोटं हलतात का? गरम आहेत का? काठी बांधलीस? पट्टी सैल ठेव, सूज येईल. घाबरू नको. मला चार पायांची सवय आहे, हा तर एकच आहे."

काका हसले आणि कळ येऊन कण्हले. "गुरांचा डॉक्टर," ते म्हणाले. "शेवटी याच्या हाती सापडलो."

मग दोन्हीकडून निरोप सुरू झाले. कुरणातली झोपडी खांद्यावरून दिसत होती, आणि झोपडीतून पलीकडचं गाव. तिथे एक डबी कायमची बसवली की सुळक्याच्या माथ्याची गरजच उरत नव्हती. हे कुणालाच सुचलं नव्हतं. सगळे आपले सर्वांत उंच टोकाकडे बघत बसले होते. गुराखी झोपडीत डबी ठेवायला तयार होते. त्यांनी एकच विचारलं, ही गुरांना चावत तर नाही ना.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोली आली. धुकं निवळलं होतं. माणसांनी काकांना उचललं, आणि काका पडल्या पडल्या उताराचा कोन किती ते त्यांना सांगू लागले. ठिणगीने डबी दगडाला तारेने पक्की बांधली. वर सुळका अगदी मोकळा, उन्हात उभा होता. कालची खाच इथूनही दिसत होती.

"जायचं का एकदा?" वहिनीने विचारलं. "आता तर हवा छान आहे."

ठिणगीने तारेला शेवटचा पीळ दिला. "नको," ती म्हणाली. "छान दिसतोय तसाच."

वहिनीने मान हलवली. तिचं लक्ष कुठे होतं? ती फोनवर वाकली होती. दादाने विचारलं होतं, बेकरीत काय चाललंय, मांजर घरी येते का, छत गळतं का. वहिनी उतारावर बसून एकेका प्रश्नाचं उत्तर देत होती, सावकाश, सगळं तपशीलवार. डोली बरीच खाली गेली तरी ती उठली नाही, आणि ठिणगीनेही तिला हाक मारली नाही.