वरच्या उताराची चव

चोर मी सकाळी सव्वासात वाजता पकडला. आमच्या वरच्या उतारावर, वेलींच्या शेवटच्या ओळीत, तोंडात द्राक्षं कोंबून उभा होता... आणि पळायचं सोडून चक्क हसला!

“बिया बघत होतो,” तो म्हणाला. “अजून हिरव्या आहेत.”

“बिया बघायला अख्खा घड लागतो?”

“एका द्राक्षाने समजेना, म्हणून दुसरं. मग तुम्ही दिसलात — आणि मोजायचंच राहिलं.”

एवढा आगाऊ माणूस मी अख्ख्या शॅम्पेन प्रांतात पाहिला नव्हता. नाव तिबो. एपर्ने शहरातल्या एका मोठ्या वाइनपेढीत चव पारखण्याची नोकरी. आमची द्राक्षं तीस वर्षं त्याच पेढीत जात आणि पन्नास गावांच्या रसात मिसळून जात. आता पेढीला पुढच्या नऊ वर्षांचा करार हवा होता आणि मला तो उतार.

“अपोलीन, हट्ट सोड,” पापा म्हणाले. “खडूची जमीन ती. तिची एकटीची चव कोण ओळखणार?”

“तुम्ही!”

पैज म्हटली की पापांना राहवत नाही. ठरलं — उताराच्या द्राक्षांची एक शॅम्पेन करायची आणि एक साधी वाइन, बुडबुड्यांशिवायची. सव्वादोन वर्षांनी, जानेवारीत द्राक्षमळेवाल्यांचा संत व्हँसाँ याच्या सणाला, गावातले जुने मळेवाले पापांसकट झाकलेल्या बाटल्यांची चव घेतील. एकाने जरी दोन्हींत उतार ओळखला, तर तो माझा. नाहीतर करारावर सही.

शॅम्पेनला जरा आंबटच लागतात, म्हणून अर्धी द्राक्षं लगेच तोडली. उरलेली साध्या वाइनसाठी अजून पिकायला हवी होती. बारा दिवस आभाळ भरून येत होतं आणि माझा जीव टांगणीला. तिबो रोज हजर.

“पेढीने पाठवलं?”

“नाही. ढग बघायला आलो.”

“मग वर बघा की. माझ्याकडे काय बघता?”

“वर आहेतच. पण तुमच्या कपाळावर जास्त दिसतात.”

मला हसू आलं, ते मी महत्प्रयासाने दाबलं. माणूस पलीकडच्या बाजूचा होता ना!

ती द्राक्षंही सुखरूप उतरली, तरी पुढची दोन वर्षं तो काही ना काही निमित्त काढून येत राहिला. मी वाट बघायचे आणि आल्यावर कशाला आलात म्हणायचे. मग दुसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरात शॅम्पेनच्या बाटल्यांतला गाळ काढला. आता बूच लावण्याआधी थोडा साखरेचा पाक घालायचा की नाही, एवढंच ठरवायचं होतं. गोड सगळ्यांनाच आवडतं... मी पाकाचं माप उचललं, तोच तिबोने बाटलीच्या तोंडावर तळहात ठेवला.

“घाबरलीस?” पहिल्यांदाच तो अगं-तुगंवर आला.

“हो.”

“पाक घातलास तर सगळे छान म्हणतील. पण कुठली, ते कुणालाच सांगता येणार नाही.”

“तुझ्याच पेढीचं नुकसान करतोयस.”

“माहीत आहे.”

मी माप खाली ठेवलं. माझा हात मात्र त्याच्या हातावर राहिला... जरा जास्तच वेळ.

सणाची मिरवणूक संपली. सभागृहात लोकरी मोजे चढवलेल्या सहा बाटल्या मांडल्या होत्या, त्यांतल्या दोनच आमच्या. एकाने शेजारच्या गावाचं नाव घेतलं, दुसऱ्याने खांदे उडवले. माझं तोंड उतरत चाललं. शेवटी पापा आले. दुसऱ्या बाटलीशी थबकले. पाचवी चाखली, पुन्हा दुसरी. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

“दोन आणि पाच. एकाच मातीच्या,” ते हळू म्हणाले. “ओला खडू, किंचित मीठ, मागून लिंबाच्या सालीचा कडवटपणा... आमचा वरचा उतार आहे हा!” मग ते माझ्याकडे वळले. “तीस वर्षं मी हा दुसऱ्यांच्या रसात ओतत होतो, पोरी.”

मोजे निघाले. सभागृह दणाणलं. जिंकले! मी जिंकले होते!

तिबो दाराशी कोट घालत होता.

“करार कोराच राहिला,” तो म्हणाला. “नोकरीही जाईल बहुतेक. अभिनंदन, अपोलीन. आता इथे यायला काही निमित्त नाही...”

“निमित्त कशाला हवं?” माझा आवाज चढला, माना वळल्या, पण आता कोण थांबतंय! “सोमवारपासून छाटणी आहे. बोटं गोठतात, कंबर मोडते. आणि मला तू हवा आहेस. छाटणीपुरता नाही — कायमचा. ऐकू आलं, की आणखी मोठ्याने सांगू?”

तिबोचे डोळे भरले होते, तरी मेला हसतच होता.

“आणखी मोठ्याने.”

मग मी बाकावर चढले आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं.