पडद्याआडची नदी

धिरडं उलटताना अण्णांनी विचारलं, "आज कोणाचं तोंड होणार तू? वरच्यांचं की खालच्यांचं?"

"वरच्यांचं. त्यांच्या प्रतिनिधींचं वाक्य संपता संपत नाही," मैत्रेयी म्हणाली.

"मग पोटभर खा. आणि संध्याकाळी एखादं वाक्य स्वतःचंही बोल. बापाला परराष्ट्र धोरणाचा कंटाळा आलाय."

ती नुसती हसली. अण्णा पंचा खांद्यावर टाकून घाटाकडे वळले. निवृत्तीनंतर ते लेकीकडे राहायला आले होते आणि सकाळ नावाड्यांशी पत्ते खेळण्यात घालवत होते. मैत्रेयी टेकडी चढून नदी-मंडळाच्या सभागृहात गेली.

लोहिणी नदी तीन देशांतून वाहते, आणि मंडळात त्यांना वरचे, मधले, खालचे असंच म्हणत. मंडळाकडे जलप्रतिमा होती. बर्फापासून मुखापर्यंत बसवलेले संवेदक आकडे पाठवत आणि संगणकात नदीची हुबेहूब प्रत वाहत राही. उद्याचा पूर तिच्यात आज दिसे. घाटाघाटांवरचे फलक तो लोकांना दाखवत. मात्र करारात एक कलम होतं. आपल्या धरणांची माहिती झाकायची असेल, तर कोणताही देश 'पडदा' मागू शके. मग फलक कोरे होत, भोंगे गप्प होत आणि प्रतिमा फक्त तीन प्रतिनिधींना दिसे.

एकमेकांच्या भाषांतर-यंत्रांवर विश्वास नव्हता, म्हणून दुभाषी माणसंच होती. त्यांचा शिरस्ता ठरलेला होता: बोलणारा 'मी' म्हणाला, की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं. आणि ज्या देशाचं तोंड व्हायचं, त्या दिवशी त्याचे कानही व्हायचं, म्हणजे इतरांचं बोलणं त्याला त्याच्या भाषेत सांगायचं.

त्या दुपारी वरच्या देशाचे प्रतिनिधी उभे राहिले आणि काचेच्या खोलीतून मैत्रेयी म्हणाली, "मी पडदा मागतो."

कोणी हरकत घेतली नाही. उरलेला दिवस प्रतिमेच्या भाकिताला 'इशारा' म्हणायचं की 'अंदाज', यात गेला. इशारा म्हटलं की जबाबदारी येते.

ती घरी आली तेव्हा अण्णा झोपले होते. दुसऱ्या दिवशी ती उठायच्या आत ते घाटावर गेले. वरच्या धरणाचे दरवाजे आधीच उघडले होते. घाटावरचा फलक कोरा होता. पण तो वरचेवर कोरा असे, म्हणून कोणी डाव मोडला नाही.

अण्णा सापडले ते खालच्या देशात. आयुष्यात ही एकच सीमा त्यांनी परवान्यावाचून ओलांडली.

चौकशीत सगळं बाहेर आलं. प्रतिमेने पूर आदल्या दुपारीच दाखवला होता. खालच्यांनी आपली गावं गुपचूप हलवली. मधले, म्हणजे मैत्रेयीचाच देश, गप्प राहिले, कारण पुढच्या वर्षी त्यांनाही आपल्या नव्या धरणासाठी पडदा हवा होता. एवढ्या बाबतीत तिघांचं सहकार्य चोख होतं.

समारोपाच्या बैठकीला ती कामावर आली. "नको येऊस, मी सांभाळतो," शेजारच्या खोलीतला खालच्यांचा दुभाषी तोबियास तिला म्हणाला होता. ती म्हणाली, "माझी पाळी आहे."

वरच्यांचे प्रतिनिधी संयुक्त निवेदन वाचू लागले. दुःख झालं, सहकार्य अधिक दृढ होईल, असं सगळं तिने मुकाट्याने भाषांतरित केलं. मग ते म्हणाले, "मी खेदाने नमूद करतो, की नदीने कोणतीही पूर्वसूचना दिली नाही."

मैत्रेयीचं बोट माइकच्या दाबलेल्या बटणावर होतं. ते तिने उचललं नाही.

"हे पुढचं प्रतिनिधींचं नाही, माझं आहे," ती म्हणाली. आवाज रोजच्यासारखाच सपाट होता. मान्यवरांनी कानातली यंत्रं ठीकठाक केली. "मी मैत्रेयी खांबेटे. नदीने सांगितलं होतं. तुम्ही तिघांनी ते ऐकलं आणि झाकलं. घाटावर माझे वडील होते. 'मी पडदा मागतो' हे त्यांच्या मरणाचं वाक्य तुम्ही माझ्या तोंडून वदवलंत. मी दिवसभर तुमचं बोलत राहिले आणि त्यांच्याशी बोलायचं राहून गेलं. अण्णा, हे माझं स्वतःचं वाक्य." तिने काचेतून पाहिलं. शेजारच्या खोलीत तोबियासच्या माइकचा लाल दिवा पेटला होता, आणि तो शब्दामागून शब्द, 'मी' म्हणत, तिचं बोलणं खालच्यांना सांगत होता. मैत्रेयीने पुन्हा माइककडे तोंड केलं.

"आता वरच्यांना हे कोण सांगणार?"