सोमवार-गुरुवारच्या चुका

नवी पेठेतल्या साडीच्या दुकानात वैजयंतीच्या आत्याला जे बिल मिळालं, त्यावर नाव होतं कुणा सुलोचनाबाईंचं. खाली सुलोचनाबाईंचा मोबाइल नंबर, पत्ता, इतकंच काय, वाढदिवसाची तारीखसुद्धा. आत्या म्हणजे मंद्रूपच्या गोजरबाई. त्यांनी बिल उलटंसुलटं करून पाहिलं आणि शांतपणे काउंटरवर ठेवलं.

"ही बाई कोण हाय, मला ठावं न्हाय. माझं नाव घाला, न्हायतर साडी तिलाच द्या."

दुकानदाराने फोन फिरवला. पाच-सात मिनिटांत एक तरुण आला — हातात हेल्मेट, कपाळावर घाम. दुकानाचं सॉफ्टवेअर त्याच्या कंपनीचं होतं आणि कंपनी चार इमारती सोडून, एका कापडदुकानाच्या माडीवर होती. तो संगणकासमोर बसला. वैजयंतीने गप्प राहायचं ठरवलं होतं, पण ते तिला जमेना, कारण हा तिचाच विषय होता. तिने मागूनच सांगितलं, की आधीच्या गिऱ्हाइकाची माहिती पुसली जायच्या आत नवं बिल उघडतंय. बिल चुकलं त्याचं एवढं नाही, पण एका बाईचा नंबर भलत्याच माणसाच्या हातात पडतोय, ते वाईट.

त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग पुन्हा तिच्याकडे... आणि या खेपेला पडद्याकडे परत जायचं तो विसरलाच.

"तुम्ही... यातल्याच आहात काय?"

"मी चुकांवर पीएचडी करते," वैजयंती म्हणाली. "सॉफ्टवेअरमधल्या."

"मग आमच्याकडं या की," तो म्हणाला. "लई आहेत."

त्याचं नाव विरेश. अक्कलकोटकडचा, घरी आईशी कानडी बोलणारा, बाहेर सोलापुरी. बोलण्यात गोडवा आणि चेहऱ्यावर असा काही भोळेपणा, की हा खरंच साधा आहे की आपल्याला बनवतोय, हे वैजयंतीला पहिल्या दिवशीही कळलं नाही आणि पुढे सहा महिने कळलं नाही.

ती खरोखरच गेली. कंपनीचे मालक शहाजीराव यांनी परवानगी दिली. पाच प्रोग्रॅमर जो कोड लिहितील, तो वैजयंतीने बनवलेल्या प्रोग्रॅममधून जायचा, आणि त्यात कुठे कुठे चूक असावी याचा तो अंदाज बांधायचा. अंदाज किती खरा ठरतो, आणि माणूस सरावला की त्याच्या चुका कमी होतात का, हा तिच्या प्रबंधाचा तिसरा भाग. पहिल्या दिवशी तिने सगळ्यांना सांगून टाकलं, की मला चुका हव्यात, लाजू नका. मंगळवारी आणि शुक्रवारी ती स्वतः यायची, खिडकीजवळच्या टेबलाशी बसायची, सापडलेल्या चुका एकेकाला बोलावून दाखवायची.

दोनेक महिन्यांनंतर सगळ्यात जास्त बोलावणी व्हायची विरेशची.

तो खुर्ची ओढून शेजारी बसायचा. खालच्या दुकानातून नव्या कापडाचा खळीचा वास वर यायचा, डोक्यावरचा पंखा कुरकुरायचा. ती पडद्यावर बोट ठेवायची, तो पुढे वाकून "अरेच्चा" म्हणायचा, आणि मग चूक राहायची बाजूला. तिने डब्यात काय आणलंय, मंद्रूपच्या बाजारात आत्ता काकडी कशी मिळते, अक्कलकोटला जाताना एसटीत खिडकीची जागा कशी धरायची... दहा मिनिटांचा अर्धा तास व्हायचा. त्याच्यासाठी जिन्याखालच्या टपरीतून चहा यायचा, तिच्यासाठीही यायचा, आणि तिच्या चहात साखर कमी हे तिने न सांगताच ठरून गेलं. घरी जाताना तिला वाटायचं, आज दिवस बरा गेला. का बरा गेला, हा प्रश्न ती स्वतःला विचारायची नाही. संशोधन करणाऱ्या बाईने असं वागावं हे काही बरं नव्हे, पण ती वागली.

मार्चअखेर तिने आलेख काढला आणि तिचं डोकं भंजाळलं. चौघांच्या चुका महिन्यागणिक उतरत होत्या. विरेशच्या चढत होत्या. आणि विरेश तर त्यांच्यातला सगळ्यात हुशार. गिऱ्हाइकांची माहिती कुलूपबंद ठेवायचं काम शहाजीराव फक्त त्याच्याकडे द्यायचे. तिच्या मार्गदर्शक शकुंतला मॅडम मात्र खूश झाल्या. सराव वाढला तरी चुका वाढतात, हे नवंच काही दिसतंय, म्हणाल्या, आणि मे महिन्यातल्या एका शनिवारी समितीसमोर हेच मांडायचं ठरवून टाकलं. समितीने होकार दिला तर प्रबंध लिहायला घ्यायचा. नाही दिला तर पुन्हा सहा महिने.

एप्रिलमध्ये चुलतबहिणीच्या लग्नासाठी वैजयंती दोन आठवडे मंद्रूपला राहिली. तिचा प्रोग्रॅम इकडे आपला आपण तपासत होताच. परत येऊन तिने आकडे उघडले, तर त्या दोन आठवड्यांत विरेशची चूक एकही नाही. आजारी होता म्हणावं, तर कोड सगळ्यांहून जास्त त्यानेच लिहिलेला. तिने सहा महिन्यांच्या चुका वारानुसार लावून पाहिल्या. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार जवळजवळ कोरे. सगळ्या चुका सोमवारच्या आणि गुरुवारच्या. म्हणजे ती यायच्या आदल्या दिवशीच्या.

हा मनुष्य मुद्दाम चुकत होता.

तिला पहिल्यांदा राग आला. आपल्या प्रोग्रॅमची परीक्षा घेतोय? का शहाजीरावांनीच सांगितलं असेल? का चार पोरं मिळून आपली गंमत करतायत? मग तिला ती अर्ध्या-अर्ध्या तासांची बोलणी आठवली आणि रागात भलतंच काही मिसळलं... त्याला नाव देता येईना. रडावं की हसावं की भांडावं, काहीच ठरेना. शेवटी तिने भांडायचं ठरवलं, कारण ते त्यातल्या त्यात सोपं होतं.

शुक्रवारी दुपारी वीज गेली. सगळे वैतागून खाली उतरले. विरेश जिन्यात होता. वैजयंतीने आलेखाचा कागद त्याच्यापुढे धरला.

"हे काय आहे?"

त्याने कागद पाहिला. 'अरेच्चा' म्हणाला नाही.

"पहिले दोन महिने मी बिनचूक काम केलं," तो हळूच म्हणाला. "तुम्ही यायचा, बाकीच्यांना बोलवायचा, आणि मला नुसतं 'ओके' लिहून पाठवायचा. त्या ओकेचं मी काय करू, सांगा की."

"म्हणून... चुका केल्या?"

"तुम्हीच म्हणला होता, चुका हव्यात. मला वाटलं, तुमचंही काम होईल, आणि..." तो थांबला. "गिऱ्हाइकाच्या माहितीला हात लावला नाही. दुकानात एकही जाऊ दिली नाही. सगळ्या वहीत लिहून ठेवल्यात. त्रेचाळीस. त्यातल्या चार तुम्हाला सापडल्याच नाहीत. त्या चार दिवशी मी उगाच नवा शर्ट घालून आलतो."

वैजयंतीला हसू फुटत होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. तिने त्याला सांगितलं, की या आकड्यांवर तिचं सहा महिन्यांचं काम उभं आहे. पुढच्या शनिवारी समितीसमोर ती जे सिद्ध करायला निघाली होती, ते सगळं खोटं आहे, आणि त्याच्या चहाच्या हौसेपायी आहे. विरेशचा चेहरा उतरला. हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं. त्याने वर जाऊन वही आणली, तिच्या हातात दिली आणि एवढंच म्हणाला, की समितीला माझं नाव सांगा, शहाजीरावांनाही सांगा, मी नाही म्हणणार नाही.

शकुंतला मॅडमनी वही आणि आलेख शेजारी-शेजारी ठेवून बराच वेळ पाहिलं. मग चष्मा काढला.

मुद्दाम चुका पेरायच्या आणि त्यातल्या किती सापडतात ते बघायचं, ही आपल्या विषयातली जुनी रीत आहे, त्या म्हणाल्या. त्रेचाळीसपैकी एकोणचाळीस सापडल्या, म्हणजे तुझा प्रोग्रॅम किती विश्वासाचा, हे आता नेमकं कळतंय. पहिलं अनुमान गेलं, पण हे त्याहून चांगलं आहे. अडचण एकच. अशा चुका आधी ठरवून पेरतात. इथे कुणी ठरवलं नव्हतं. समिती विचारणार, त्याने हे का केलं, आणि कारण लपवून आकडे वापरले तर ती लबाडी होईल.

"सांगायचं नसेल तर हा भाग सोडून दे," मॅडम म्हणाल्या. "सहा महिने जातील. जाऊ देत. पण सांगणार असशील तर खरं सांग."

वैजयंती चार दिवस घोळात होती. सगळ्या प्राध्यापकांसमोर उभं राहून हे बोलायचं? आणि बोलायचं तरी काय? त्याच्या मनातलं तिला कळलं होतं. तिच्या स्वतःच्या मनातलं कुठे कळलं होतं? रोज सकाळी तिला वाटायचं, तो भाग गाळून टाकावा. संध्याकाळी ती वही उघडायची. वहीत विरेशच्या ठसठशीत अक्षरात तारीख आणि चूक, तारीख आणि चूक. त्या तारखा वाचताना तिला त्या-त्या दिवशीचं बोलणं आठवायचं, शब्द न् शब्द. मंगळवार आला आणि ती माडीवर गेली नाही. तो दिवस इतका लांबला, की दुपारी तीन वाजताच तिला संध्याकाळ व्हावीशी वाटली. तेव्हा कुठे तिने विरेशला फोन केला आणि शनिवारी अकराला विभागाच्या सभागृहात या म्हणून सांगितलं. कशाला, हे सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

शनिवारी तिने सगळं मांडलं. पहिलं अनुमान का मागे घेतलं, त्रेचाळीस चुका कशा मुद्दाम केलेल्या निघाल्या, एकोणचाळीस कशा सापडल्या. बाहेरगावाहून आलेले परीक्षक वयस्कर होते, फार बोलणारे नव्हते. त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला.

"या प्रोग्रॅमरनं हे कशासाठी केलं?"

वैजयंतीने शकुंतला मॅडमकडे पाहिलं. त्या मुद्दामच खिडकीबाहेर बघत होत्या.

"मी फक्त चूक असली तरच बोलवायचे, सर," ती म्हणाली. "मी बोलवावं... म्हणून केलं त्यानं."

कुणीतरी खोकलं. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. ते रागावणार, असं सगळ्यांनाच वाटलं.

"आणि हे कळल्यावर तुम्ही काय केलंत?"

"भांडले." तिचे कान तापले होते, पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता, आणि फिरायचंही नव्हतं. गेल्या सहा महिन्यांत पहिल्यांदाच तिला काहीतरी लख्ख कळलेलं होतं. "आणि आज बोलावलंय, सर. चूक नसताना. मागच्या रांगेत बसलेत."

सगळ्या माना मागे वळल्या. विरेश गडबडून उभा राहिला, आणि उभं राहून काय करायचं ते न कळल्यामुळे तसाच उभा राहिला.